ट्रॅक्टरचा लायनर आणि वर्तुळाचा परीघ



आठवी-नववीच्या वर्गात वर्तुळाचा परीघ आणि वृत्तचितीचे घनफळ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, हे कुठं लागतं?" मी आजवर पाण्याची टाकी आणि पत्र्याचा डबा सांगून वेळ मारून नेत होतो. या जूनमध्ये खरं उत्तर मिळालं, तेही वर्गाबाहेर.

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले तरी नववीतला एक मुलगा आला नाही. घरी गेलो तर अंगणात ट्रॅक्टर उघडून ठेवलेला. जुना एचएमटी २५११, दोन सिलिंडरचा. त्याचे वडील याच ट्रॅक्टरवर दुसऱ्यांची नांगरट भाड्याने करतात. पेरणी तोंडावर आलेली, आणि ट्रॅक्टर सकाळी लवकर चालू होईना, निळसर धूर मारत होता, ऑइल पीत होता. मुलगा मिस्त्रींच्या हाताखाली थांबला होता.

आधी इंजिन समजून घेऊ

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. दाब कमी पडला की इंजिन नीट पेटत नाही. पिस्टन ज्या गुळगुळीत नळीत वर-खाली होतो ती नळी म्हणजे लायनर, कुणी स्लीव्ह म्हणतात. पिस्टनच्या खाचांतल्या रिंगा लायनरला चिकटून राहतात आणि दाब अडवतात. लायनर झिजला की दाब खाली निसटतो आणि खालचं ऑइल वर जाऊन जळतं. निळसर धूर त्याचाच.

लायनर दोन प्रकारचे असतात. कोरडा लायनर ब्लॉकच्या भोकात घट्ट बसतो, पाणी त्याला लागत नाही. ओल्या लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि खाली रबरी ओ-रिंग पाणी अडवते. या ट्रॅक्टरचा लायनर ओला. म्हणून तो घरच्या अंगणातही बदलता येतो.

प्रश्न पैशांचा होता

वडील म्हणत होते, "मिस्त्री, नुसत्या रिंगा टाका. लायनर राहू द्या या वर्षी." मिस्त्री म्हणत होते, "हाफ इंजिन करावंच लागंल, मालक." दोघंही आपापल्या जागी बरोबर. मुलानं मला हळूच विचारलं, "सर, झीज किती आहे ते मोजता येतं का?"

झिजलेल्या लायनरमध्ये वरच्या टोकाजवळ बोटाला कड लागते. पिस्टन जिथून परत फिरतो तिथं दाब आणि उष्णता सर्वात जास्त, ऑइल सर्वात कमी, म्हणून झीजही तिथंच जास्त. त्या कडेच्या वर रिंग पोचतच नाही, तिथला भाग मूळ मापाचा राहतो. बोअर गेज असता तर तीन उंचींवर, प्रत्येकी दोन दिशांनी माप घेतलं असतं. पण ते आमच्याकडे नव्हतं. होती एक नवी रिंग आणि फिलर गेज.

कृती

१. नवी रिंग लायनरच्या अगदी खाली, जिथं पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत तिथं ठेवायची. उलट्या पिस्टननं ढकलली की ती सरळ बसते.
२. रिंगेच्या दोन टोकांतली फट फिलर गेजनं मोजायची. आली ०.४० मिमी.
३. तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली ठेवून पुन्हा मोजायची. पात्या एकावर एक ठेवाव्या लागल्या. आली १.३५ मिमी.

फरक ०.९५ मिमी. वडील दचकले, "लायनर एवढा गेला?" इथंच गणित कामाला आलं. फट ही परिघावरची आहे, व्यासावरची नाही. परीघ = ३.१४ × व्यास. म्हणजे परीघ ०.९५ वाढला तर व्यास वाढला ०.९५ ÷ ३.१४ = सुमारे ०.३० मिमी. मुलानं हे जमिनीवर खडूनं मांडलं. गणितात त्याला कधी काठावरच्या वर मार्क पडले नाहीत, पण भागाकार त्यानं एकट्यानं केला.

मिस्त्रींचा हिशोब होता की ०.२० च्या वर गेलं की लायनर टाकायचा. (नेमकी मर्यादा त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावी.) मग मुलगाच वडिलांना म्हणाला, "आबा, नुसत्या रिंगा टाकल्या तर वर आल्यावर त्या फाकणार, खाली गेल्यावर मिटणार. कडेवर आपटून मोडतील पण. पुन्हा खर्च." वडील थोडा वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "आणा दोन्ही सेट."

लायनर बसवताना

जुने लायनर पुलरनं ओढून काढले. बाहेरून पांढरा खार जमलेला, कारण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी. ब्लॉकमधली बैठक घासून साफ केली. नवा लायनर आधी ओ-रिंगशिवाय ठेवून पाहिला. तो ब्लॉकच्या वर केसभर उंच राहायला हवा, तरच हेड गॅस्केट त्याला दाबून धरतं. मग ओ-रिंगला साबणाचं पाणी लावून लायनर हातानं दाबून बसवले. हातोडा नाही.

ऑइल चेंबर लावण्याआधी मिस्त्रींनी पाण्याच्या जागेत पाणी भरलं आणि आम्ही खालून पाहत बसलो. दुसऱ्या लायनरखाली थेंब! ओ-रिंगला पीळ पडला होता. लायनर काढून नवी ओ-रिंग टाकली. तेव्हाच चेंबर बंद केला असता तर पाणी ऑइलमध्ये जाऊन ते दुधाळ झालं असतं आणि बेअरिंग गेले असते. मुलांच्या वहीत मी हे लिहायला लावलं: *झाकण्याआधी तपासा.*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर चालू झाला. सुरुवातीचे काही तास जड नांगर लावायचा नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. सोमवारी मुलगा शाळेत आला, जुना लायनर पोत्यात गुंडाळून.

वर्गात काय केलं

लायनर टेबलावर ठेवला. मुलांनी न झिजलेल्या भागाचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजला: ९५ मिमी. स्ट्रोक ११० मिमी मी सांगितला. एका सिलिंडरचं घनफळ = ३.१४ × ४.७५ × ४.७५ × ११ = सुमारे ७७९ घसेमी. दोन सिलिंडरचे साधारण १५६० घसेमी. "म्हणजे सीसी म्हणतात ते हेच!" एक मुलगी ओरडली. मोटारसायकलचा सीसी सगळ्यांना पाठ, पण तो कसा येतो ते त्या दिवशी कळलं.

मुलांना देण्यासाठी प्रश्न:

- फट ०.४० वरून ०.७२ झाली तर व्यास किती वाढला?
- रिंग लायनरमध्ये तिरकी बसली तर माप चुकेल का? का?
- व्यास ०.३० मिमी वाढला तर घनफळ किती वाढेल? मग इंजिनाची ताकद का वाढत नाही?

शिक्षकांना एक सूचना. लायनर जड असतो आणि त्याची कड हात कापते. मुलांना मोजायला द्या, उचलायला नको. गावातल्या गॅरेजमध्ये जुने लायनर भंगारात पडलेले असतात, मागितले तर मिळतात.

पालकांना एवढंच सांगेन. पोरगं चार दिवस शाळेत आलं नाही म्हणून मी रागावूनच गेलो होतो. शाळा बुडवू नये हे खरंच, आणि त्यालाही तेच सांगितलं. पण घरचं काम चालू असताना त्याला नुसता पाना धरायला लावू नका. "किती झिजलं, कसं कळलं?" हेही विचारा.