मारुको आणि तिचे आजोबा
(एका जपानी चित्रकथेचा अभ्यास)

विद्यार्थिमित्रहो, निबंधाचा तास आला म्हणजे "आम्हीं काय लिहावें? आमच्या आयुष्यांत लिहिण्याजोगें कांहीं घडतच नाहीं," अशी तक्रार प्रत्येक वर्गांत ऐकूं येते. या तक्रारीला जपानमधील एका स्त्रीनें आपल्या कृतीनें उत्तर दिलें आहे. तें उत्तर कसें दिलें आणि त्यांत आपणांस शिकण्यासारखें काय आहे, हें या लेखांत पाहूं.

जपानच्या शिझुओका प्रांतांत शिमिझु नांवाचें बंदर आहे. तेथून फुजी पर्वत दिसतो. या गांवीं भाजीपाल्याचें दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबांत १९६५ सालीं या लेखिकेचा जन्म झाला. 'साकुरा मोमोको' हें तिचें टोपणनांव. तिला लहानपणापासून चित्रें काढण्याचा नाद होता. शाळेंत असतांना तिनें एक प्रेमकथा चित्रांत रेखाटून मासिकाकडे पाठविली. परंतु तिला यश आलें नाहीं. पुढें शाळेच्या अखेरच्या काळांत निबंधाच्या एका परीक्षेंत तिनें आपल्या नेहमींच्या खेळकर भाषेंत निबंध लिहिला. तपासणाऱ्यांनीं तो वाचून तिला आजच्या काळांतील सेइ शोनागोन म्हणून गौरविलें. सेइ शोनागोन ही सुमारें हजार वर्षांपूर्वीं जपानच्या राजवाड्यांत राहून तेथील बारीकसारीक गोष्टींवर मार्मिक टिपणें लिहिणारी थोर लेखिका होय. या शाबासकीनें मुलीचे डोळे उघडले. निबंधांत जें साधलें, तेंच चित्रांत कां साधूं नये, असें तिच्या मनानें घेतलें.

१९८४ सालीं तिची पहिली चित्रकथा छापून आली. शिक्षण संपल्यावर ती टोकियोस एका कचेरींत नोकरीस लागली; पण रात्रीं चित्रें काढावींत आणि दिवसा कामावर डुलक्या घ्याव्यात, असा प्रकार होऊं लागला. नोकरी कीं चित्रें, एक काय तें निवडा, असें तिला सांगण्यांत आलें. तिनें चित्रें निवडलीं. १९८६ सालीं 'रिबन' या मुलींच्या मासिकांत तिची 'चिबि मारुको-चान' ही मालिका सुरू झाली. 'चिबि' म्हणजे चिमुकली, 'मारु' म्हणजे गोल, 'को' हा मुलींच्या नांवांत येणारा शब्द आणि 'चान' हें लाडाचें संबोधन. १९८९ सालीं या मालिकेस कोदान्शा मांगा पारितोषिक मिळालें आणि १९९० पासून ती दूरचित्रवाणीवर हलत्या चित्रांत दिसूं लागली. लेखिका २०१८ सालीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं निवर्तली.

आतां या कथांत घडतें तरी काय? मारुको ही इयत्ता तिसरींतील नऊ वर्षांची मुलगी. घरांत आईबाप, थोरली बहीण, आजी व आजोबा. सुटी लागण्यापूर्वीं शाळेंतील सामान रोज थोडें थोडें घरीं न्यावें, हें सर्वांना कळतें; मारुकोला मात्र शेवटच्या दिवशीं सगळें ओझें एकदम वाहावें लागतें. उन्हाळ्याच्या सुटीचा अभ्यास ती अगदीं अखेरच्या दिवसापर्यंत लांबविते आणि मग सारें घर तिच्या वह्या घेऊन बसतें. बहिणीशीं भांडण, तामा या मैत्रिणीशीं गुजगोष्टी, आजोबांकडे लाडीगोडी, एवढाच या कथांचा विस्तार. ना राजपुत्र, ना राक्षस. नायिका हुशार नाहीं, कष्टाळू नाहीं, आणि फारशी उदारही नाहीं.

तरीही या कथा पोकळ वाटत नाहींत. त्यांतील काळ १९७४ च्या आसपासचा, म्हणजे लेखिकेच्या स्वतःच्या नवव्या वर्षाचा आहे. गांव शिमिझुच आहे. त्या वर्षीं ७ जुलैच्या अतिवृष्टीनें तेथील तोमोए नदीस महापूर आला, तो पूरही एका कथेंत आहे. दुसरें असें कीं, चित्रांच्या बाजूला मोठी झालेली लेखिका मधून मधून दोन शब्द बोलते. लहान मारुको बढाई मारते आणि मोठी मारुको कोपऱ्यांतून हळूच तिचें पितळ उघडें पाडते. स्वतःला हंसण्याची ही तयारी, हेंच या लेखनाचें पहिलें सत्य होय.

परंतु येथें एक अडचण उभी राहते. कथेंतील आजोबा तोमोझो हे मारुकोचे जिवलग सोबती आहेत. भोळे, प्रेमळ, नातीच्या शब्दाखातर पेन्शनीचे पैसेही काढून देणारे, मनांतल्या मनांत हायकू रचणारे. प्रत्यक्षांतील आजोबा तसे नव्हते. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मोमो नो कान्झुमे' या लेखसंग्रहांत लेखिकेनें तें उघडपणें सांगितलें. तिच्या शब्दांचा भावार्थ असा कीं, आजोबा लबाड व खाष्ट होते, सुनेला छळीत, आणि नातींना त्यांचा लळा नव्हता. ती शाळेच्या वरच्या वर्गांत असतांना ते वारले, तेव्हां घरांत फारसें कोणी रडलेंही नाहीं.

मग तोमोझो हें असत्य म्हणावें काय? वाचकहो, येथें नीट विवेक केला पाहिजे. दुसऱ्यास फसविण्यासाठीं जें रचलें जातें तें असत्य. या लेखिकेनें कोणास फसविलें नाहीं. खऱ्या आजोबांविषयींही तिनेंच लिहिलें. तोमोझो ही तिची इच्छा होती. ज्या मुलीला मायाळू आजोबा लाभले नाहींत, तिनें तें वात्सल्य कागदावर निर्माण केलें आणि असंख्य मुलांना तें वांटून दिलें. तोमोझोचें प्रत्येक हास्य पाहतांना त्यामागें रिकामी राहिलेली एक जागा आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे त्या विनोदी चित्रांना निराळेंच गांभीर्य येतें. घडलें तें लिहिणें ही आठवण. घडावयास हवें होतें तेंही लिहिणें ही कला. आणि दोहोंतील भेद न लपविणें हा प्रामाणिकपणा.

विद्यार्थ्यांनीं यावरून एवढें घ्यावें: विषय दूर शोधूं नका. काल लपविलेली प्रगतिपुस्तिका, भावाशीं झालेलें भांडण, न केलेला अभ्यास, हें सारें लिहिण्याजोगें आहे. मात्र लिहितांना स्वतःला नायक करूं नका. आपली फजिती आधीं सांगा, म्हणजे दुसऱ्यांची सांगण्याचा अधिकार येतो.

पालकांसाठींही यांत एक सूचना आहे. घरांतील लहान मूल आपणांकडे पाहत असतें, आणि तें सर्व त्याच्या स्मरणांत राहतें. तें पुढें लिहील न लिहील. परंतु त्याला आपले आजोबा कल्पनेनें निर्माण करावे लागूं नयेत, इतकें करणें आपल्या हातीं आहे.