तार जोडण्याआधी

चि. मृण्मयीस,


ओव्या गोळा करायला गावोगाव जाताना लॅपटॉपचं ओझं नको, टॅबलेटलाच माइक, कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह जोडेन, असं तू कळवलंस. निर्णय मला पटला. मांडीवर मावणारं यंत्र असलं की समोरची आजी बुजत नाही आणि तुझं लक्षही तिच्या तोंडाकडे राहतं. मात्र दुकानात जाऊन एक ओटीजी केबल आणि तीन वस्तू उचलण्याआधी माझं ऐकून घे. टोक खोबणीत बसलं म्हणजे जोडणी झाली, असं यूएसबीत नसतं. विचारणारा कोण आणि वीज पुरवणारा कोण, हे आधी ठरावं लागतं. या दोन प्रश्नांची उत्तरं तुझ्यापाशी असली की बाकीचं तू स्वतः शोधून काढशील.

यूएसबी १९९६ साली आलं ते टेबलावरच्या संगणकासाठी, आणि त्याच्या रचनेत दोन्ही बाजू मुळातच असमान ठेवल्या आहेत. एक होस्ट, बाकीची सगळी डिव्हाइस. वर्गात मास्तर हजेरी घेतात तेव्हा नाव पुकारल्याशिवाय कुणी बोलत नाही, तसंच इथे चालतं. तू कीबोर्डची कळ दाबलीस तरी कीबोर्ड आपणहून काही सांगत नाही. होस्ट ठरावीक अंतराने विचारत राहतो आणि विचारल्यावरच उत्तर येतं. म्हणून दोन पेनड्राइव्ह एकमेकांना जोडून काही होत नाही. विचारणारंच कुणी नसतं.

टॅबलेटची अडचण इथे सुरू होते. संगणकाला जोडला तर त्याने डिव्हाइस व्हायचं, आणि कीबोर्ड जोडला तर त्याच खोबणीतून होस्ट व्हायचं. ही दुहेरी भूमिका २००१ च्या अखेरीस 'ऑन द गो' या नावाने यूएसबीच्या नियमांत आली. दुकानदार ओटीजी म्हणतात ते हेच. मायक्रो यूएसबीच्या टोकात पाच पिना असतात. त्यातली चौथी साध्या केबलमध्ये मोकळी सोडलेली असते, ओटीजी केबलमध्ये ती जमिनीच्या तारेला जोडलेली असते. टॅबलेट तेवढंच पाहतो आणि ओळखतो की आता विचारायचं काम आपलं. तुझ्या जुन्या टॅबलेटला साधी चार्जिंगची केबल आणि वर एक जोडटोक लावून कीबोर्ड चालला नाही, त्याचं कारण बहुतेक हेच असणार. कीबोर्ड बिघडलेला नाही, फेकू नकोस.

पॉलिटेक्निकमध्ये मुलांना मी हा विषय नोकियाच्या ७७० वर शिकवत असे. फिनलंडच्या नोकियाने २००५ साली ते यंत्र 'इंटरनेट टॅबलेट' याच नावाने विकायला काढलं. सिमकार्ड नाही, फोन नाही. वायफाय, ब्लूटूथ, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा सुरेख पडदा आणि आत लिनक्सवर उभी असलेली माएमो ही प्रणाली. इतक्या जुन्या यंत्राचं तुला काय, असं वाटेल. पण आज जे सगळं पडद्याआड आपोआप घडतं, ते त्या यंत्रात एकेक सुटं दिसत असे. कंपनीने त्याची मिनी यूएसबीची खोबण संगणकाशी फायलींची देवाणघेवाण करण्यापुरतीच दिली होती, म्हणजे भूमिका डिव्हाइसची. आतल्या चिपमध्ये होस्ट होण्याची ताकद मात्र होती. हौशी लोक संगणकावरून 'फ्लॅशर' नावाचा प्रोग्रॅम चालवून ती जागी करत. एवढं करूनही कीबोर्डचा दिवा लागत नसे, कारण ७७० आपल्या खोबणीतून ५ व्होल्ट बाहेर देतच नव्हता. मग मध्ये स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घालायचा. तरीही एखादी वस्तू ओळखली जात नसे. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी कसं बोलायचं ते यंत्राला सांगणारा प्रोग्रॅम, प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये नसे. तो स्वतः कंपाइल करून चढवायचा. भूमिका, वीज आणि ड्रायव्हर, असे तीन उंबरे त्या यंत्रावर एकामागून एक ओलांडावे लागत. आज तुझ्या टॅबलेटवर काही चालेनासं झालं तर ते याच तिघांपैकी कुठेतरी अडलेलं असतं, आणि शोधायचं तेही याच क्रमाने.

ड्रायव्हरचा उंबरा आता खूप सोपा झाला आहे. अँड्रॉइडमध्ये २०११ साली ३.१ या आवृत्तीपासून यूएसबी होस्टची सोय आली आणि २०१४ च्या ५.० मध्ये यूएसबी माइकसारख्या आवाजाच्या उपकरणांची. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, माइक यांचे ठरलेले वर्ग आहेत. वस्तू आपला वर्ग सांगते आणि टॅबलेट त्या वर्गाचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावतो. म्हणून माइक घेताना खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' आहे का, ते पाहा. 'आमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा' असं लिहिलेला माइक दुकानातच ठेव. बँकमित्राकडचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र पाहिलं असशील, तेही ओटीजीनेच फोनला जोडलेलं असतं, पण त्याला वेगळं ॲप लागतं. ती जात वेगळी.

आता विजेचं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक सगळी फजिती इथेच होते. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे वस्तूने आधी १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचं आणि होस्टने परवानगी दिल्यावर ५०० पर्यंत जायचं. संगणकाची खोबण ते ५०० देते. ओटीजीच्या मूळ नियमात मात्र हातातल्या यंत्राने किमान द्यायची वीज फक्त ८ मिलिअँपिअर ठेवली होती, कारण बॅटरी लहान. प्रत्यक्षात टॅबलेट त्याहून बरीच जास्त देतात, पण किती, ते यंत्रागणिक बदलतं. साधा कीबोर्ड थोडक्यात भागवतो. पेनड्राइव्ह लिहिताना अधिक ओढतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुरू होतानाच एवढी मागते की टॅबलेट हात वर करतो. टिक टिक आवाज येत राहतो आणि डिस्क दिसत नाही. ती तू नेऊच नकोस. आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर देणाऱ्या पेटीला मोठा कंडेन्सर माइक लावायचा विचार असेल, तर टॅबलेटच्या एकट्या बॅटरीवर विसंबू नकोस.

वस्तूला किती वीज हवी, हे ती स्वतःच जोडल्याबरोबर होस्टला सांगते. लिनक्सच्या संगणकावर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा सविस्तर चालवली की 'मॅक्सपॉवर' समोर तो आकडा दिसतो. ती तिची कमाल मागणी. प्रत्यक्ष खर्च पाहायला मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो. तो एक नक्की घे.

मायक्रो यूएसबीच्या बहुतेक टॅबलेटांत एका वेळी एकच काम होतं. माइक लावला की चार्जिंग बंद. दिवसभर गावात बसायचं तर हे परवडणार नाही. म्हणून टाइप सीचा टॅबलेट घे, आणि त्याला असा हब, ज्यात एका बाजूने चार्जर लावता येतो आणि दुसऱ्या बाजूला वस्तू. तुझा टॅबलेट दोन्ही एकाच वेळी करू देतो का, हे दुकानात लावून बघ, दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नकोस. टाइप सीमध्ये ती चौथी पिन नाही, तिथे ५.१ किलोओहमचा एक रोधक टॅबलेटला सांगतो की पलीकडे डिव्हाइस आहे, आणि मगच खोबणीत वीज सोडली जाते. जोडटोकाच्या पोटातला हा मोहरीएवढा भाग चुकीचा किंवा गायब असेल तर सगळं थांबतं. २०१५ साली गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या टाइप सी केबली एकेक घेऊन तपासायला सुरुवात केली. त्यात कितीतरी नियमाबाहेरच्या निघाल्या, आणि पुढे उलट्या तारा जोडलेल्या एका केबलने त्यांच्या लॅपटॉपचंच नुकसान केलं. केबलवर पन्नास रुपये वाचवू नकोस गं.

पॉवर बँक नेशीलच. अनेक पॉवर बँका वीज फार कमी ओढली जात असली की थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. हब तिच्यावर आणि माइक हबवर असेल, तर ऐन ओवीच्या मध्यात माइक सुटू शकतो. घरी तासभर सलग रेकॉर्डिंग करून पाहा, म्हणजे तुझी बँक कुठल्या स्वभावाची ते कळेल.

कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली असावीत असं तुला वाटतं. त्याने काही साधत नाही. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. 'के'च्या कळेचा क्रमांक १४. त्या १४ चा रोमन 'के' करायचा की इन्स्क्रिप्टप्रमाणे 'क', हे टॅबलेट ठरवतो. तेव्हा पैसे छापील अक्षरांवर न घालता, बाहेरच्या कीबोर्डने मराठी टंकता येतं का आणि जोडाक्षरं नीट उमटतात का, हे तुझ्या टॅबलेटवर आधी पाहा. नाही जमलं तर नोंदी वहीत कर. वही मला कीबोर्डपेक्षा केव्हाही प्रिय आहे.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच वाहिनीत घे. तासाला साधारण ५२० एमबी होतात. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी होत नाही. आवाजाला ते पुरतं, व्हिडिओला अपुरं पडतं, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घे, अर्थात टॅबलेट तो वाचतो याची खात्री करून. रेकॉर्डिंग टॅबलेटमध्येच होऊ दे, पेनड्राइव्हवर थेट नको. संध्याकाळी मुक्कामी पोचलीस की प्रत उतरव, 'इजेक्ट' दाब आणि मगच उपट. पडद्यावर कॉपी संपली असं दिसलं तरी शेवटचा भाग यंत्राच्या मेमरीत थांबलेला असू शकतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी आपल्याच भागात हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे तुला ठाऊक आहे. ज्या बायकांनी त्या गायल्या त्यांतल्या अनेक जणी आता नाहीत. तू ज्यांच्याकडे चालली आहेस त्या ऐंशीच्या पुढच्या. एखादी ओवी सुचते, ती गातात, आणि 'पुन्हा म्हणा' म्हटलं तर दुसरीच येते. म्हणून तर मी एवढ्या पिना आणि रोधक तुझ्यापुढे मांडतो आहे.

हब, माइक, बँक आणि केबली घेतल्यास की बिलं फाडू नकोस आणि खोकी टाकू नकोस. सगळं घेऊन रविवारी सकाळी इकडे ये. मीटर लावून एकेक वस्तूचा आकडा लिहून काढू, मग सगळ्या एकदम जोडून दुपारपर्यंत चालू ठेवू. जे टिकणार नाही ते सोमवारी परत करता येईल. मामी म्हणते, जेवायलाच थांब.

तुझा,
मामा