सुंठ आणि सांध्यांची सूज : पुरावा कशास म्हणावे?

'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. एखादी अडचण उपाय न करताच दूर झाली, म्हणजे आपण ती वापरतो. या म्हणीत शास्त्राचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. खोकला जर सुंठीवाचूनही जात असेल, तर सुंठ घेतल्यावर गेलेला खोकला सुंठीनेच गेला, हे कशावरून ठरवावे? सांध्यांच्या सुजेवर आले गुणकारी आहे, असे पुष्कळ जण सांगतात. हा दावा आपण याच प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहू.

परंपरेची साक्ष

आल्याच्या झाडाचे जमिनीखालील खोड म्हणजे आले. ते वाळविले की सुंठ होते. महाराष्ट्रात रामनवमीस सुंठवडा वाटतात. राजस्थानात हिवाळ्यात सुंठीचे लाडू करतात. आयुर्वेदात सुंठीस 'विश्वभेषज' व 'महौषध' अशी नावे असून, मिरे व पिंपळी यांच्यासह ती 'त्रिकटू'त येते. जयपूर येथे १९७६ साली राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान स्थापन झाले व २०२० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे या परंपरेचे अध्यापन होते, तसेच रुग्णालयात रुग्णांवर उपचारही होतात. परंपरा कोठे शोधावे हे सांगते. तेथे काय सापडले, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.

शरीरात काय घडते?

लाली, उष्णता, सूज व वेदना ही दाहाची चार लक्षणे प्राचीन रोमन लेखक सेल्सस याने नोंदविली आहेत. इजा झालेल्या जागी शरीर 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची द्रव्ये तयार करते व त्यांमुळे सूज आणि वेदना वाढतात. अ‍ॅस्पिरिन या द्रव्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच १९८२ साली जपानी संशोधकांनी आल्यातील काही द्रव्येही हेच कार्य परीक्षानळीत करतात, असे प्रसिद्ध केले.

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः 'जिंजेरॉल'मुळे असतो. आले वाळताना जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो व 'शोगॉल' तयार होते. आल्यास जपानी भाषेत 'शोगा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. यास्तव आले व सुंठ रासायनिक दृष्ट्या अगदी एकच नव्हेत.

परंतु परीक्षानळी म्हणजे गुडघा नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ निरोगी व्यक्तींना आल्याचा अर्क देऊन त्यांचे रक्त तपासण्यात आले. त्यात ही द्रव्ये मूळ स्वरूपात आढळली नाहीत. शरीराने त्यांना अन्य रेणू जोडून त्यांचे रूप पालटले होते. म्हणून अखेरचा निर्णय रुग्णांवरील चाचणीनेच करावा लागतो.

रुग्णांवरील चाचण्या

१९९२ साली डेन्मार्कमधील श्रीवास्तव व मुस्तफा यांनी सुंठपूड घेणाऱ्या ५६ रुग्णांचा वृत्तांत दिला. सांधेदुखीच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना आराम वाटला. परंतु सुंठ न घेणाऱ्यांचा गट तुलनेसाठी नव्हता. म्हणजे आपल्या म्हणीतील प्रश्न अनुत्तरितच राहिला.

२००० साली डेन्मार्कमध्येच आल्याचा अर्क, आयब्युप्रोफेन हे प्रचलित औषध आणि औषधी गुण नसलेली निर्गुण गोळी यांची तुलना झाली. आयब्युप्रोफेन सर्वांत प्रभावी ठरले; आले व निर्गुण गोळी यांतील फरक एकंदरीत निर्णायक ठरला नाही.

ऑल्टमन व मार्कुसेन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली चाचणी विशेष बोधप्रद आहे. गुडघ्याची झीज झालेले २६१ रुग्ण सहा आठवडे तपासले गेले. अर्क घेणाऱ्या शंभरांपैकी ६३ जणांची उभे राहतानाची वेदना कमी झाली. निर्गुण गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी ५० जणांचीही कमी झाली! हे ५० जण 'सुंठीवाचून' बरे वाटलेले होत. तेव्हा अर्काचे श्रेय ६३ नव्हे, तर १३ एवढेच. शिवाय त्या अर्कात आल्यासोबत कोळिंजनही होते, म्हणून हे १३ देखील एकट्या आल्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत. पोटाच्या तक्रारी अर्क घेणाऱ्यांत ५९ जणांना झाल्या, दुसऱ्या गटात २१ जणांना; त्या बहुतेक सौम्य होत्या.

२०१५ साली अशा पाच चाचण्यांतील ५९३ रुग्णांचा एकत्रित विचार झाला. वेदना थोडी कमी होते, असे त्यातून दिसले. परंतु उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण आल्याच्या गटात दुपटीहून अधिक होते.

निष्कर्ष

झिजेमुळे येणाऱ्या गुडघेदुखीत आल्याचा काही उपयोग होतो, पण तो माफक आहे. आमवातासारख्या, सांधे वाकडे करणाऱ्या रोगात केवळ सुंठीवर विसंबून औषध बंद करणे घातक ठरेल. वाया गेलेल्या काळात झालेली सांध्यांची हानी भरून येत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आल्याचा अर्क अगर गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. चहातील अगर भाजीतील आले स्वादासाठी खुशाल घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा आदर राखूनही 'न घेणाऱ्यांचे काय झाले?' हा प्रश्न विचारता येतो, आणि तो अवश्य विचारावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९९२ च्या वृत्तांतात कोणती उणीव होती? ती २००१ च्या चाचणीत कशी दूर झाली?
२. ६३ व ५० या आकड्यांवरून, एका अधिक रुग्णास गुण येण्यासाठी सुमारे किती जणांस अर्क द्यावा लागेल?
३. आपल्या घरी वापरात असलेला एखादा उपाय निवडून त्याची चाचणी कशी योजाल, ते लिहा.