विमानतळाच्या दारातली खाकी वर्दी कोणाची?

प्रश्न : मुंबई विमानतळावर मामांना सोडायला गेले होते. दारात खाकी कपड्यांतली, खांद्याला बंदूक लावलेली एक मुलगी तिकिटं तपासत होती. ती पोलीस होती की सैन्यातली? मला तेच काम करायचं आहे. बारावी झाली आहे, वय 20, उंची 156 सेंटिमीटर. उंची बसत नाही आणि हिंदीही धड येत नाही, म्हणून नाद सोड, असं घरचे म्हणतात. नोकरी महाराष्ट्रातच मिळेल का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ती पोलीसही नव्हती आणि सैन्यातलीही नव्हती. ती होती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची, म्हणजे आपण ज्याला सीआयएसएफ म्हणतो त्या दलाची जवान. हे दल केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली चालतं. 1968 साली संसदेनं त्यासाठी कायदा केला आणि 10 मार्च 1969 रोजी दल उभं राहिलं. तेव्हा काम होतं सरकारी कारखान्यांची राखण करण्याचं. नावातला ‘औद्योगिक’ हा शब्द तिथला. विमानतळ बरेच नंतर आले. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदहारला नेलं गेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा या दलाकडे द्यायचं ठरलं आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. 2007 मध्ये दिल्ली मेट्रो आली, 2024 मध्ये संसद भवन आलं. तारापूरची अणुभट्टी, न्हावा शेवा बंदर, गोव्याचा दाबोळी विमानतळ, इतकंच काय, ताजमहालसुद्धा यांच्याच पहाऱ्यात आहे.

पोलिसांशी फरक अधिकारांतही आहे. सीआयएसएफचा जवान आपल्या हद्दीत संशयिताला वॉरंटाशिवाय पकडू शकतो, झडती घेऊ शकतो. पण पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. गुन्हा नोंदवणं आणि तपास करणं हे पोलीस ठाण्याचं काम. म्हणून गुन्ह्याचा छडा लावायची हौस असेल तर राज्य पोलीस भरतीकडे जा. इथलं काम गुन्हा घडूच नये यासाठी उभं राहण्याचं आहे.

आता तुझ्या उंचीचं. कर्मचारी निवड आयोग कॉन्स्टेबल पदासाठी परीक्षा घेतो, तिला भरतीची मुलं ‘एसएससी जीडी’ म्हणतात. मुलींना सर्वसाधारण उंची 157 सेंटिमीटर लागते. तू एका सेंटिमीटरनं मागे आहेस हे खरं. पण त्याच नियमात गढवाली, डोगरा वगैरेंच्या सोबतीनं मराठा उमेदवारांना सवलत आहे. त्या मुलींना 155 सेंटिमीटर पुरते. अनुसूचित जमातीच्या मुलींना 150. तू यांपैकी कशात बसतेस ते तुलाच माहीत. बसत असशील तर जाहिरातीसोबत दिलेल्या नमुन्यातच दाखला काढून ठेव. बसत नसशील तर आधी सरकारी दवाखान्यात उंची नीट मोजून घे. घरच्या भिंतीवर पेन्सिलीनं केलेल्या खुणेवरून कोणी स्वप्न सोडू नये.

डोळ्यांची अट मात्र कडक आहे. चष्मा लावून दिसतं, हे चालत नाही. रंगांची ओळख तपासतात, सपाट तळवे आणि एकमेकांना घासणारे गुडघे बाद ठरतात. शिवमुद्रा किंवा नाव गोंदवायचा विचार असेल तर थांब. सलाम करायच्या, म्हणजे उजव्या हातावर गोंदण चालत नाही. धावणं म्हणशील तर मुलींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत. शेताच्या बांधावरून रोज पहाटे धावणाऱ्या मुलीला ते जड नाही.

लेखी परीक्षा संगणकावर होते : एक तास, 80 प्रश्न, 160 गुण. आणि हे घरच्यांना नक्की सांग, 2024 पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. पूर्वी फक्त हिंदी आणि इंग्रजी होतं, त्यामुळे बुद्धिमत्ता आणि गणित येणारी आपली कितीतरी मुलं प्रश्न समजून घेण्यातच मागे पडत. तरी चार भागांपैकी एक भाग हिंदी किंवा इंग्रजीचा आहेच, आणि पुढे कवायतीचे हुकूम, सहकाऱ्यांशी बोलणं, प्रवाशांना समजावणं सगळं हिंदीतच. तेव्हा हिंदीची भीती आत्तापासून घालव. रोज अर्धा तास हिंदी बातम्या मोठ्यानं वाचल्यास तरी पुष्कळ फरक पडेल. कॉलेजात एनसीसी असेल तर सोडू नकोस. ‘सी’ प्रमाणपत्राला पाच टक्के जादा गुण मिळतात.

वयाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष वेधीन. खुल्या गटाला 23 वर्षांपर्यंतच अर्ज करता येतो; ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सूट. राज्य पोलीस भरतीची मर्यादा 28 असल्यामुळे मुलं निवांत राहतात आणि केंद्राची दारं बंद झाल्यावर जागी होतात. दहावीवर हा अर्ज भरता येतो, म्हणजे तू आजही पात्र आहेस. अर्जात दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. सीआयएसएफ पहिल्या क्रमांकावर टाक, पण मेरिट लागलं तरच ते मिळतं. पगार तिसऱ्या स्तराचा, मूळ वेतन 21,700 रुपयांपासून, वर भत्ते. पुढे पदवी घेतलीस तर उपनिरीक्षकाची परीक्षा आहे, मूळ वेतन 35,400 पासून.

महाराष्ट्रातच राहायला मिळेल का? नाही. हे घरच्यांना स्पष्ट सांग. जागा राज्यवार भरतात म्हणून रहिवासाचा दाखला लागतो, पण नेमणूक देशभर कुठेही होते. प्रशिक्षणालाही आपल्या जवळच्या बडवाहपासून, म्हणजे नर्मदाकाठच्या मध्य प्रदेशातल्या केंद्रापासून, थेट तमिळनाडूतल्या अरक्कोणमपर्यंत कुठेही पाठवतात.

मुलींची गरज या दलाला खरोखरच आहे. महिला प्रवाशाची झडती महिला जवानानंच पडद्याआड घ्यायची असते. ती नसेल तर रांग थांबते. नोव्हेंबर 2024 मध्ये संपूर्ण महिलांच्या पहिल्या बटालियनला मंजुरी मिळाली ती याच गरजेतून.

पण काम कसं आहे हेही ऐक. पाळीचे तास उभ्यानं. तोच पट्टा, त्याच बॅगा, पडद्यावर तीच चित्रं, आणि हजारावी बॅगही पहिलीइतक्याच लक्षानं बघायची. विमान चुकायच्या भीतीनं प्रवासी चिडतो, ‘मी कोण आहे माहीत आहे का’ म्हणतो, आणि त्याच्याशी सभ्यपणेच बोलायचं. काही घडलं नाही तर शाबासकी नाही, कारण काहीच घडू न देणं हेच काम. मला हे काम मोठं वाटतं. ज्यांना रोज काहीतरी थरारक हवं असतं ते मात्र इथे वर्षभरात कंटाळतात. तू दारातल्या त्या मुलीकडे बघितलंस तेव्हा तुला तिची बंदूक आवडली की तिचं सावध असणं, हे स्वतःला विचार.

शेवटी एक कळकळीची सूचना. ‘अडीच लाख द्या, थेट नेमणूक देतो’ म्हणणारा कोणी गावात आला तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. या भरतीत परीक्षा, मैदानी आणि वैद्यकीय याशिवाय चौथा रस्ता नाही. जाहिरात आयोगाच्या संकेतस्थळावर निघते. ती आली की स्वतः वाच, अटी तपासून बघ आणि अर्ज शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी भर.