नऊ दारांचं नगर



दर शनिवारी आमच्या घरी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. गेल्या ऑक्टोबरात 'खिडकी' या शब्दावर वाक्य करायला सांगितलं, तर सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "खिडकी उघडायची नसते." त्याचं तरी काय चुकलं? दुबईत उन्हाळाभर एसी, खिडक्या बंद! मग पुढच्या शनिवारी मी धडाच घेतला : 'उघडझाप'.

आधी घर. 'गवाक्ष' म्हणजे गो आणि अक्ष, गाईचा डोळा. कार्ल्याच्या लेण्यात सुमारे २००० वर्षांपूर्वी दारावर घोड्याच्या नालेसारखं मोठं गवाक्ष कोरलं आहे. त्यातून येणारा उजेड आतल्या स्तूपापर्यंत पोचतो. इथल्या अल फहिदी भागातल्या जुन्या घरांवरचे बारजील म्हणजे वाऱ्याचे मनोरे. चारही बाजूंनी उघडे, वरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे. वीज नव्हती तेव्हाची ही सोय!

मग झाड. पानांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. हवा आत घ्यायची तर पाणी बाहेर जातं, म्हणून हा पहारा. बहुतेक झाडं रंध्रं दिवसा उघडतात. आपल्या बाल्कनीतली कोरफड मात्र मुख्यतः रात्रीच, गारव्यात उघडते. उन्हाच्या देशात कसं राहावं, हे तिला कळलंय.

शेवटी शरीर. डोळ्याची बाहुली उजेडात साधारण २ मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात ८ पर्यंत मोठी होते. मुलांनी दिवा लावून-विझवून एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय : दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. ज्याचा स्वतःवर ताबा आहे, तो या नगरात सुखाने राहतो, असं तिथे सांगितलंय. दारं बुजवायला सांगितलेली नाहीत, बरं का!

परदेशात मुलं वाढवताना मला हेच प्रश्न पडतात. काय आत येऊ द्यायचं, कधी मिटायचं? सगळं बंद ठेवलं तर घर कोंदटतं, सताड उघडं टाकलं तर ओल उडून जाते. उत्तर रोज नव्याने शोधावं लागतं.

डिसेंबरात त्या मुलाच्या आईचा रात्री फोन आला. "अहो ताई, हा झोपतच नाहीये. खिडकी उघडून बसलाय, कोरफड जागी झाली का बघायला!"