कवटी नाही, म्हणून विष नाही?

"औषध मारताना जरा गरगरलं," असं सांगत कुणी दवाखान्यात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाटली कुठाय? बाटली आणलेली नसते. मग विचारतो, तिच्यावर कसली खूण होती? उत्तरही ठरलेलं : "कवटी नव्हती, डॉक्टर. साधंच औषध होतं."

औंधच्या शिवारात आल्या-बटाट्यावर फवारणारे असोत की आटपाडीकडे डाळिंबावर, ही समजूत सगळीकडे सारखीच. ती आधी डोक्यातून काढा. बाटलीवर टोकावर उभा केलेला, पतंगासारखा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. कवटी फक्त तांबड्यावर असते. पिवळ्यावर ती नसली तरी 'विष' हा शब्द छापलेला असतो, आणि तो उगाच छापलेला नसतो. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्यातलंच. घोटभर पोटात गेलं तरी फुफ्फुसं निकामी होतात, आणि त्याला आजही उतारा नाही. हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो बिस्किटाच्या पुड्यावरचा शाकाहारी ठिपका नव्हे. किती मात्रा जिवावर बेतते हे प्रयोगशाळेत उंदरांवर तपासून हे रंग ठरतात. तुमच्या पाठीवरच्या पंपाची गळती, उन्हातले चार तास, एकाच पंपात ढवळलेली दोन-तीन औषधं यांचा हिशेब त्यात नसतो.

गेल्या हंगामात एका तिशीतल्या मजुराला त्याच्या भावाने मोटारसायकलवर मधे धरून आणलं. पंप गळत होता, सदरा पाठीला चिकटला होता. घाम, तोंडातून लाळ, मांडीचे स्नायू फडफडत होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भाऊ सारखा म्हणत होता, "पण तोंडात थेंब गेला नाही हो." विष कातडीतूनही जातं, घामेजलेल्या कातडीतून तर जास्तच. औषध कोणतं, तर पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेलं, त्यामुळे लेबलच नाही. बाहुल्या पाहून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तो वाचला. पण वाटेत कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न झाला होता. असं करू नका! ओकारी श्वासनलिकेत गेली तर माणूस त्यानंच दगावतो. दूध, लिंबू, गूळ, मोबाइलवर फिरणारे काढे यांतल्या कशानेही विष उतरत नाही. सलाईन लावून, एक इंजेक्शन टोचून घरी धाडणाऱ्यांवर तर माझा फार राग आहे. काही विषांत पहिला त्रास ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी मान उचलेनाशी होते, श्वास अडकतो. तेव्हा बरं वाटलं तरी डॉक्टर सोडेपर्यंत रुग्णालयातून निघू नका.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ते कुणीही विष प्यायलेले नव्हते.

आता घाबरवून सोडत नाही. वेळेत आलेली बहुतेक माणसं बरी होतात. डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं, छाती आवळणं, यांतलं काहीही झालं की पंप तिथेच उतरवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारा. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. आणि बाटली सोबत आणा, निदान लेबलचा फोटो तरी. खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी तुम्ही बांधावरच टाकून देता. विषबाधेची लक्षणं आणि उतारा तिच्यातच छापलेला असतो. ती फवारणी संपेपर्यंत खिशात ठेवा.