माणूस हरवल्यावर: पहिल्या तासापासून शोध संपेपर्यंत

घरातलं माणूस वेळेवर परतलं नाही की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "थोडी वाट पाहू." दुसरं, "पोलीस चोवीस तासांआधी तक्रार घेत नाहीत." पहिल्या वाक्यामागची आशा समजण्यासारखी आहे. दुसरं वाक्य साफ खोटं आहे. चोवीस तास थांबा असं सांगणारा कायदा भारतात नाही, आणि शोधाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे तेच तास असतात. त्या वेळात सीसीटीव्हीचं चित्रण शाबूत असतं, मोबाइलची बॅटरी संपलेली नसते, रिक्षावाल्याला चेहरा आठवत असतो.

पुढची कृती कुटुंबासाठी आहे आणि नोंद घेणाऱ्या ठाणे अंमलदारासाठीही. तिचं सूत्र एकच आहे: शोध नोंदीच्या जोरावर चालतो. परगावच्या हवालदाराला किंवा सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेला तो कागद वाचून माणूस ओळखता आला, तरच ती नोंद कामाची.

सोबत काय न्यायचं

- गेल्या काही महिन्यांतला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो आणि एक पूर्ण उंचीचा फोटो. लग्नातला नटलेला फोटो टाळा.
- आधार कार्डाची प्रत, असल्यास औषधांची चिठ्ठी.
- मोबाइल नंबर आणि आयएमईआय क्रमांक (मोबाइलच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो).
- जवळच्या मित्रमैत्रिणींचे, नातेवाइकांचे नंबर.
- एक कोरी वही.

घरातून निघण्याआधी एक ताकीद द्या: त्या व्यक्तीचे वापरलेले कपडे कोणी धुऊ नयेत, अंथरूण आवरू नये, कंगवा आणि टूथब्रश हलवू नये. श्वानपथकाला वासासाठी कपडे लागतात आणि पुढे वेळ आलीच, तर कंगव्यातल्या केसांवरून डीएनए तपासता येतो.

1. घरात शोधा, त्याच वेळी फोन करा

लहान मूल असेल तर पलंगाखाली, माळ्यावर, गच्चीत, पाण्याच्या टाकीत, विहिरीपाशी आणि उभ्या असलेल्या गाड्यांच्या आत पाहा. हे काम एकाने करावं आणि दुसऱ्याने त्याच मिनिटाला 112 वर फोन लावावा. मुलांसाठी 1098, रेल्वेत किंवा स्थानकावर हरवलं असेल तर 139. एक जण घरीच थांबू दे. हरवलेलं माणूस बऱ्याचदा घराच्याच दिशेने परत येतं, आणि तेव्हा दाराला कुलूप असता कामा नये.

2. जवळच्या ठाण्यात नोंद करा

हद्दीच्या वादात अडकू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवतं.

हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, तर नुसती मिसिंगची (हरवल्याची) नोंद करून भागत नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी स्पष्ट केलं की, हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरून तपास करायचा. त्यामुळे अशा वेळी भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 (2) खाली अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. "मित्रासोबत गेली असेल, येईल" हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रौढ व्यक्तीची नोंद मिसिंग रजिस्टरला होते. पण धमकी, मारहाण, हुंड्याचा छळ, पैशांचा वाद किंवा जबरदस्तीने नेल्याचा संशय असेल, तर ते जबाबात स्पष्ट लिहून घ्या आणि गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. नैराश्य, स्मृतिभ्रंश, फिट येणं, इन्सुलिन चालू असणं या गोष्टी लाजेखातर लपवू नका. त्यांवरूनच शोधाची निकड ठरते.

निघताना मिसिंग क्रमांक किंवा गुन्हा क्रमांक, तपासी अंमलदाराचं नाव आणि त्यांचा नंबर वहीत उतरवा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांना) टपालाने पाठवा. त्यानेही हललं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

3. वर्णन असं लिहा की परका ओळखेल

इथे घाई करू नका. वर्तमानपत्रातली नेहमीची निवेदनं आठवून पाहा: "रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, केस काळे, अंगात पांढरा शर्ट, पायात चप्पल, भाषा मराठी व हिंदी." दादरच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहिलं, तर या वर्णनाची शंभर माणसं दिसतील. एवढ्यावर कोणीही कोणाला शोधू शकत नाही.

आता नमुन्यादाखल दुसरं वर्णन वाचा: "वय 71, उंची 5 फूट 4 इंच. डाव्या भुवईवर टाक्यांची आडवी खूण. उजव्या मनगटाच्या आत बदामाचं हिरवं गोंदण. पुढचे दोन दात नाहीत. डावा पाय किंचित ओढून चालतात. निळी चौकड्यांची लुंगी, खिशाला शाईचा डाग असलेला पांढरा सदरा, तपकिरी रबरी सँडल, अंगठा तुटलेली. नाव सांगतात, पत्ता सांगता येत नाही. विचारल्यावर 'मिलमध्ये पाळीला चाललोय' म्हणतात. पूर्वी परळला राहत होते. मधुमेहाची गोळी चालू."

यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी उपयोगाची आहे. खुणा आणि दात डॉक्टरांना, चाल सीसीटीव्ही पाहणाऱ्याला, सँडल रिक्षावाल्याला, तोंडातलं वाक्य रस्त्यात भेटणाऱ्याला. जुनी वस्ती शोधाची दिशा देते, कारण स्मृतिभ्रंश झालेली माणसं अनेकदा जुन्या घराच्या किंवा जुन्या कामाच्या ओढीने निघतात.

कपडे आठवत नसतील तर कपाट, दोरी आणि चपलांची जागा पाहा. काय नाही, त्यावरून अंगात काय होतं ते कळतं. ठाणे अंमलदारांनी छापील रकाने भरून थांबू नये. तीन प्रश्न आवर्जून विचारावेत: अंगावर कुठे काय खूण आहे? गेल्या आठवड्यात घरात काय वेगळं घडलं? मनाने कुठे जावंसं वाटलं असेल?

4. पहिल्या दिवसाची पोलिसांची कामं

खालची यादी ठाण्याची आहे, पण कुटुंबाने ती नम्रपणे एकेक करून विचारायला हरकत नाही.

- नियंत्रण कक्ष, शेजारची ठाणी, लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा बल यांना फोटोसह संदेश.
- सीसीटीएनएसवर (देशभरातली ठाणी जोडणाऱ्या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर) नोंद. मूल असेल तर मिशन वात्सल्य पोर्टलवरही.
- जवळच्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत "अनोळखी" म्हणून दाखल रुग्णांची चौकशी.
- मोबाइलचं शेवटचं लोकेशन आणि सीडीआर (कॉलचा तपशील). हे पोलिसांनाच मागवता येतं. घरच्यांनी मात्र घरातला लॅपटॉप, उघडं राहिलेलं ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेब बंद न करता तसंच दाखवावं.
- सीसीटीव्ही. बहुतेक दुकानांच्या डीव्हीआरमध्ये थोड्याच दिवसांचं चित्रण उरतं, त्यावर नवं चढत जातं. म्हणून आधी चित्रण जपून ठेवायला सांगायचं, पाहायचं नंतर.

कॅमेरे तपासताना डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांतला फरक आधी लिहून घ्या. दुकानातली घड्याळं सर्रास काही मिनिटं मागेपुढे असतात. हा फरक नोंदला नाही, तर माणूस पुढच्या चौकात "दिसत नाही", आणि शोध चुकीच्या गल्लीत वळतो. शेवटचं दिसलेलं ठिकाण धरून एक जण पुढचे कॅमेरे पाहील, दुसरा मागचे. आधी कोण भेटलं, कोण मागून येत होतं, हे मागच्या कॅमेऱ्यांतच कळतं.

5. पत्रक काढा, पण जपून

वर फोटो, खाली दोन ठळक खुणा, शेवटचं ठिकाण आणि वेळ, ठाण्याचा नंबर, मिसिंग क्रमांक. बस. तारीख घालायला विसरू नका. तारखेविना फिरणारं पत्रक माणूस घरी परतल्यावरही वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरत राहतं.

एक खूण मुद्दाम पत्रकात छापू नका. ती फक्त घरच्यांना आणि तपासी अंमलदाराला माहीत असावी. "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पैसे पाठवा" असे फोन येतातच. अशा वेळी ती खूण विचारा, मुलाशी बोलणं करून द्यायला सांगा, नंबर वहीत लिहा, पैसे पाठवू नका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

पत्रकावर एकापेक्षा जास्त नंबर द्या आणि ते चालू ठेवा. हे किती महत्त्वाचं आहे, ते मुंबईने पाहिलं आहे. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे साहाय्यक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या यादीत 2008 ते 2015 या काळात हरवलेल्या 166 मुली होत्या. त्यातल्या 165 सापडल्या. उरली ती जानेवारी 2013 मध्ये अंधेरीत शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये ती सापडली, तीही घरापासून फार लांब नाही. तिच्या ओळखीच्या एका बाईने इंटरनेटवर तिचं जुनं पत्रक शोधून काढलं. त्यावरचे पाचपैकी चार नंबर बंद झाले होते. पाचवा शेजाऱ्याचा होता, तो लागला. म्हणून सिमकार्ड बदललं, घर बदललं, तरी पत्रकावरचा नंबर सोडू नका, आणि एक नंबर घराबाहेरच्या विश्वासू माणसाचा ठेवा.

6. सापडलेल्या अनोळखींकडूनही शोध घ्या

आपण हरवलेल्याला शोधत असतो, तेव्हा दुसऱ्या एखाद्या ठाण्यात "अनोळखी इसम" म्हणून त्याचीच नोंद झालेली असू शकते. या दोन कागदांची गाठ घालणं हे शोधाचं अर्धं काम.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर मनोरुग्णाची हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणं हे ठाणेप्रमुखांचं कर्तव्य आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचार सुरू झाले की माणसाला गावाचं नाव आठवू लागतं, हा या कामाचा अनुभव. तेव्हा रुग्णालयांइतकीच बेघर निवारा केंद्रं, बालगृहं आणि मनोरुग्णालयं यादीत धरा. सापडलेल्या माणसाची भाषा कळत नसेल, तर त्याचं थोडं बोलणं रेकॉर्ड करून ती भाषा जाणणाऱ्या ठाण्याकडे पाठवावं.

बेवारस मृतदेहांची नोंद अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरला होते. ही पडताळणी टाळता येत नाही, पण कुटुंबाला एका शवागारातून दुसऱ्या शवागारात हिंडवू नये. आधी वय, उंची, गोंदण, दात आणि कपडे कागदावर जुळवावेत, जुळले तरच घरच्यांना बोलवावं. वेळ बराच गेला असेल, तर आईवडिलांचा किंवा मुलांचा डीएनए नमुना घेण्याची विनंती लेखी करा.

7. पाठपुराव्याचं वेळापत्रक

पहिल्या आठवड्यात रोज एक फोन, एकाच ठरलेल्या माणसाकडून. दहा नातेवाईक दहा वेळा फोन करतात, तेव्हा अंमलदार माहिती देत बसतो आणि शोध थांबतो. प्रत्येक बोलण्याची तारीख, नाव आणि उत्तर वहीत लिहा. महिन्याने तपासात काय झालं, ते लेखी मागा.

मूल चार महिन्यांत सापडलं नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे गेला पाहिजे. तारीख मोजून ठेवा आणि वर्ग झाल्याची खात्री करा. अंमलदार बदलून गेले, तर नव्या अंमलदारांना स्वतः भेटा, वही दाखवा, नवा फोटो द्या. मूल वाढतं, त्याचा चेहरा बदलतो. त्या वयातला भावाबहिणीचा फोटोही सोबत लावा.

तपास हलतच नसेल आणि कुणी डांबून ठेवल्याचा आधार असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

8. सापडल्यावर

आधी डॉक्टर, मग जबाब. मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेलं जातं. तिथे त्याला एकट्याला बोलू द्या. मारहाण, परीक्षेची भीती, लादलेलं लग्न अशी कारणं तिथेच बाहेर येतात, आणि ती न ऐकता घरी आणलेलं मूल पुन्हा निघून जातं.

प्रौढ व्यक्ती स्वखुशीने गेली असेल आणि पत्ता कळवू नका म्हणत असेल, तर पोलिसांनी जबाब घेऊन घरच्यांना "सुखरूप आहे" एवढंच सांगावं. छळातून सुटून गेलेल्या बाईच्या जिवाचा प्रश्न त्यात असतो. घरच्यांना हे उत्तर कितीही बोचलं, तरी त्याचा मान राखला पाहिजे.

शेवटी नोंद बंद करा: मिसिंग रजिस्टर, सीसीटीएनएस, पोर्टल आणि भिंतींवरची पत्रकंसुद्धा. ज्या ठाण्यांना संदेश गेले होते, त्या सगळ्यांना "मिळून आले" असं कळवावं. बंद न केलेली प्रत्येक जुनी नोंद पोलिसांचा वेळ खाते, आणि तो वेळ आज सकाळी हरवलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी शोधातून कमी होतो.